राबाचा ठसका

आमच्या सासरच्या गावात खोकला दोन प्रकारचा असतो. एक खोकला आणि दुसरा राबाचा ठसका. पहिल्याला आजार म्हणतात, दुसऱ्याला कोणी काहीच म्हणत नाही. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा यांचे थर रचून ते पेटवतात. जाळ धावू नये म्हणून वरून माती टाकलेली असते, त्यामुळे राब जळतो कमी आणि धुमसतो जास्त. त्या दिवसांत भोर सोडून हिर्डोशीच्या अंगाला चढायला लागलं की एसटीच्या खिडकीतूनच वास येतो. सगळं गाव खोकत असतं. ठसका लागला म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही, तसं कोणी गेलं तर लोक हसतील.

माझं माहेर नसरापूरजवळचं, हायवेच्या बाजूचं. तिथे धूर असतो तो ट्रकचा. त्यामुळे ठसक्याचा हा मान मला लग्नानंतर कळला. मी भोरमध्ये एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढते, तपासते, रिपोर्ट तयार करते. नवरा हायवेवरच्या कंपनीत शिफ्टमध्ये जातो, आम्ही दोघं भोरला भाड्याच्या खोलीत राहतो आणि सणावाराला, शेतीच्या घाईला वर जातो. हे सगळं अगदी चारचौघांसारखं आहे आणि तसंच राहिलं असतं तर मी काही लिहायला बसले नसते.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगी झाली. बारसंही माहेरीच, वैशाखात. सासरची माणसं टेम्पोतून आली. ऐन राबाचे दिवस, पहाटे राब भाजायचं काम उरकून, अंघोळी करून निघालेली माणसं, तरी त्यांच्या लुगड्यांना आणि केसांना धुराचा वास होता. बारशाचा मान आत्याचा असतो. आमच्याकडे आत्या एकच, माझी नणंद, दहावीत जाणारी. पहिल्यांदाच आत्या झाली होती, तेव्हा तिचा तोरा काय विचारता. नाव तिनेच ठरवलं होतं आणि आदल्या दिवसापर्यंत सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. पाळण्यावर ओणवी होऊन तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं. त्या वेळी बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ती थट्टेची रीतच आहे. तिला ठसका लागला. बायकांना आणखी जोर आला. माझी आई म्हणाली, “पाणी द्या पोरीला, राबातनं आलीय.” सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसाचा व्हिडिओ नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आहे. मी तो पाहिलेला नाही.

बाळ आजारी पडलं ते बारशानंतर आठवडाभराने. ती खोकली नाही. हे कोणाला सांगितलं तर पटत नाही, पण इतकी लहान बाळं बऱ्याचदा खोकत नाहीत, श्वास घ्यायचंच थांबवतात. माझ्या मांडीवर ती निळी पडली, मग गुलाबी झाली, मग पुन्हा निळी. पुण्याला नेलं. तिथे नाकातला नमुना घेतला आणि डांग्या खोकला निघाला. त्याची पहिली लस दीड महिन्याची झाल्यावर देतात. ती तितकी झाली नव्हती आणि झालीच नाही. डॉक्टरांनी आम्हाला सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून विचारलं, “घरात कोणाला बरेच दिवस खोकला आहे का? मोठ्या मुलांना, पाहुण्यांना?” माझी आई नाही म्हणाली. नवरा नाही म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “न्हाई वो, कुणालाच न्हाई.” कोणीही खोटं बोललं नाही.

नंतरचं मला नीट आठवत नाही, असं लोक लिहितात. मला सगळं आठवतं, फक्त ते दुसऱ्या कोणाचं तरी आठवावं तसं आठवतं. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. एकीने चिमटाही काढला. मला चिमटा कळला, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

सासूबाईंनी त्यांच्यापुरता निकाल लावून टाकला होता. “लोकांची रगतं हाताळतीस. तिकडनंच आणलास तू त्यो रोग.” मी सांगितलं की बाळंतपणाच्या कितीतरी आधी मी सुट्टीवर गेले होते, मला तर साधी सर्दीही नव्हती. त्या म्हणाल्या, “अंगात मुरल्यालं असतंय.” सासरे खाली मान घालून बसायचे. नवऱ्याने आईला हो म्हटलं नाही, तसं नाहीही म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा कपडे धुताना, भांडी घासताना स्वतःचे हात बघत राहायचे. लॅबमध्ये कोणाकोणाचं काय काय हाताळलं होतं ते आठवायचा प्रयत्न करायचे.

पावसाळ्यात मी कामावर परत गेले. घरी बसून तरी काय करणार होते? दिवाळी झाल्यावर आमच्या लॅबला नमुने गोळा करायचं काम आलं. पुण्याहून एक डॉक्टर मॅडम भोर आणि वेल्ह्यातल्या हायस्कुलांमधून फिरणार होत्या, आठवी ते दहावीच्या मुलांचं रक्त तपासून त्यांना गेल्या वर्षभरात डांग्या खोकला होऊन गेला का ते बघणार होत्या. लॅबच्या मालकांना माझं माहीत होतं, ते चाचरत म्हणाले की दुसऱ्या कोणाला पाठवू का. मी म्हटलं, मी जाते. ते धैर्य वगैरे काही नव्हतं. कुठेही पाठवलं असतं तरी मी गेले असते.

मॅडमना माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. त्या गाडीत बसल्या बसल्या मला समजावून सांगायच्या. लहानपणी घेतलेल्या लशीचा जोर चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत ओसरतो. दहाव्या वर्षी शाळेत जी सुई टोचतात तिच्यात डांग्या खोकल्याचा भागच नसतो. मग ही पोरं आजारी पडतात, पण पडून राहण्याइतकी नाही. खोकत खोकत शाळेत जातात, शेतात जातात, आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्यापर्यंत तो रोग पोहोचवतात. रक्तात त्या जंतूच्या विषाविरुद्धच्या अँटिबॉडी ठरलेल्या रेषेच्या वर सापडल्या की समजायचं, लागण अलीकडची आहे. वर्ष उलटलं की त्या उतरत जातात आणि मग रक्तावरून काही सांगता येत नाही. मी “हो मॅडम” म्हणत होते आणि खिडकीतून धरणाचं पाणी बघत होते. पाणी भरपूर होतं.

पहिल्या काही शाळा पानशेतकडच्या झाल्या, मग आम्ही डोंगराकडच्या हायस्कुलात आलो. माझी नणंद त्याच शाळेत जाते. भात झोडणी चालू होती, त्यामुळे वर्गात पोरं निम्मीच होती. धनगरवाड्यावरची पोरं चालत येऊन घामेजलेली होती. पालकांच्या सह्या आधीच आल्या होत्या. मॅडम एकेकाला विचारायच्या, “गेल्या वर्षात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला झाला होता का?”

“न्हाई, मॅडम.”

“तुला?”

“न्हाई.”

सगळा वर्ग न्हाई. मॅडम माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “इथली हवा चांगली आहे.” मी रबरी पट्टा हातात घेऊन उभी होते. मला काही सुचलं असं म्हणता येणार नाही. मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला, व्हरांड्यातला, न्हाई वो, कुणालाच न्हाई. मी वर्गाला विचारलं, “राबात ठसका कोणाकोणाला होता?”

वर्ग हसायला लागला. हे काय विचारणं झालं! निम्म्याहून जास्त हात वर गेले.

“धूर विझल्यावर पण राहिला होता?”

“माजा तर पाऊस लागंपत्तूर हुता.”

“बाई, ह्याला ठसक्यानं उलटी व्हायची. वर्गातबी झाली हुती.”

“माज्या भनीचं डोळं लाल झालं हुतं.”

मॅडमचं पेन थांबलं होतं. धुराने ठसका लागतो हे खरंच आहे, सगळे हात काही रोगाचे नव्हते. पण राब विझून, नांगरट होऊन, रोपं वर आली तरी उबळीवर उबळ येऊन ओकणारं पोर धुराने ओकत नसतं. पुढच्या शाळेपासून मॅडम तोच प्रश्न पहिला विचारायला लागल्या आणि गाडीत त्यांनी माझी पाठ थोपटली. आता विचार केला तर वाटतं, हा प्रश्न वैशाखात कोणी विचारला असता तर? पण त्या दिवशी मला असंही काही वाटलं नाही.

माझी नणंद तिसऱ्या बाकावर होती. ती बाकीच्यांबरोबर हसली होती आणि हात वर केला होता. मग तिचं हसू थांबलं. हात मात्र वरच राहिला. तो खाली घ्यायचा असतो हे ती विसरली होती.

रक्त द्यायला ती सगळ्यात शेवटी आली. “वैनी, ह्यात कळतंय व्हय, कुणाला हुता ते?”

“कळतं.”

“राबातलाबी?”

“वर्षाच्या आतला असेल तर कळतो.”

तिने बाही वर केली. तिची शीर सहज सापडली. तिने सुईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहत राहिली आणि मी तिच्या कोपराकडे पाहत राहिले. कापूस दाबून धर म्हटलं. तिने इतका दाबून धरला की बोट पांढरं पडलं.

त्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून आम्ही भोरला आलो. मी त्या मशीनमध्ये फिरवल्या, वरचं पिवळं पाणी वेगळं केलं, पुण्याला पाठवून दिलं. निकाल यायला वेळ होता. त्या दिवसांत मी एकच गोष्ट मनात धरून होते आणि ती मी लपवणार नाही. तिचा आकडा रेषेच्या वर यावा असं मला वाटत होतं. वर आला तर मी सुटणार होते. माझ्या हातांकडे बघणं थांबणार होतं. सासूबाईंना सांगता येणार होतं की बघा, रोग लॅबमधून आला नाही, तुमच्याच राबातून तुमच्याच लेकीबरोबर टेम्पोत बसून आला. हे वाक्य मी इतक्यांदा मनात बोलले की त्यातला अर्थ झिजून गेला आणि नुसते शब्द राहिले.

आकडा वर आला. चांगलाच वर.

मला बरं वाटायला हवं होतं. मी लॅबच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि बरं वाटण्याची वाट पाहिली. मग आत आले आणि बाकीचे रिपोर्ट लावले.

ज्यांचे आकडे वर आले त्यांच्या घरी जाऊन सांगायचं ठरलं होतं, कारण घरात तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर पुढची काळजी घ्यायला हवी. मॅडमना तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या घरी मी जाते.” मी नको म्हटलं. त्यांनी मला दोन गोष्टी पक्क्या सांगून ठेवल्या. एक, यात कोणाची चूक नसते हे आधी सांगायचं. दोन, रक्त इतकंच सांगतं की लागण झाली होती. कोणाकडून कोणाला झाली, हे ते सांगत नाही.

मी दुपारच्या एसटीने वर गेले. सासूबाई पडवीत सुपात तांदूळ पाखडत होत्या. सासरे भिंतीला टेकून बसले होते. नणंद शाळेतून नुकतीच आली होती, गणवेशातच होती. मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. शाळेत रक्त घेतलं होतं त्याचा निकाल आला. हिला डांग्या खोकला होऊन गेलाय, गेल्या काही महिन्यांत. आता ती बरी आहे, तिच्यापासून आता कोणाला काही होणार नाही. यात कोणाची चूक नसते.

सूप थांबलं. सासूबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, कुठे काही दुखलंखुपलंय का बघतात तसं. मग माझ्याकडे वळल्या.

“म्हंजे तिलाबी तूच दिलास.”

मी इतके दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं. पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, की ज्या आकड्याने मी सुटणार होते त्याच आकड्यावर बोट ठेवून त्या मला पुन्हा बांधतील. आणि मॅडमनी शिकवलेलं खरंच होतं, कोणाकडून कोणाला हे रक्तात लिहिलेलं नसतं. मला वाटलं, असू दे. खरंच वाटलं. यांना मीच हवी असेन तर मीच असू दे, निदान हे पोर तरी सुटेल. यात मोठेपणा नव्हता, मी दमले होते.

“आई, वैनीनं न्हाई,” नणंद म्हणाली.

“तू गप बस.”

“मला आदी हुता. बारशाच्या आदीपसनं.”

“त्यो धूर गं.”

“धूर न्हवता. रात्री बसून ऱ्हायची म्या, तू झोपल्याली असायचीस. श्वासच घावायचा न्हाई.” ती उभी होती, पाठीवर अजून दप्तर तसंच. “कुर्र करताना उबळ आली. बायका मारत हुत्या पाठीत. उठताबी यीना. मग म्या तिच्या दुपट्यात त्वांड घातलं, लोकांना कळू नये म्हून. तिच्याच दुपट्यात खोकले.”

सासरे उठले, चप्पल शोधली, ती पायातच होती, आणि गोठ्याकडे निघून गेले.

मला वाटलं सासूबाई तिला मारतील. त्यांनी हात उचललाही नाही. सूप खाली ठेवलं. “धुराचाच हुता,” त्या म्हणाल्या, पण आता ते कोणाला उद्देशून नव्हतं. पोरगी माझ्याकडे बघत होती. तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते काय हे मला चांगलं कळत होतं. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. आणि त्याच क्षणी मला तिचा राग आला, वैशाखापासून पहिल्यांदा कशाचा तरी राग आला, इतका की मी खांबाला धरलं. पंधरा वर्षांच्या पोरीचा राग. तिला काय माहीत होतं? कोणालाच काय माहीत होतं? मी लॅबमध्ये काम करणारी, मीही हसलेच की. हे सगळं कळत होतं आणि तरीही राग जात नव्हता.

“मी काय करू आता, वैनी?”

“दप्तर काढून ठेव,” मी म्हणाले. “हात धू. जेव काहीतरी.”

ती आत गेली, पण उंबऱ्याशीच थांबली. तिथून तिला आम्ही दोघी दिसत होतो.

सासूबाई बसल्या होत्या तिथून सरकत माझ्या शेजारी आल्या. बाळ गेल्यापासून त्या माझ्या इतक्या जवळ बसल्या नव्हत्या. मग माझ्याकडे न पाहता, जणू कालच बाळंत झालेल्या सुनेला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, “दूध कधी आटलं गं तुझं?”

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. माझ्या आईनेसुद्धा नाही. ज्या बाईने रोग आणला तिला हे कोण विचारणार?

“लई दिवस येत होतं, आई,” मी म्हणाले. “ती गेल्यावरही येत होतं.”